रोमचा तट

रोम शहराभोवती आज जो विटांचा तट उभा आहे, तो सम्राट ऑरेलियन याने इ.स. २७१ मध्ये बांधायला घेतला. त्याच्याही साडेसहाशे वर्षे आधी शहराला दगडी तट घातला गेला होता. पुढे शहर वाढले, तट घरादारांत बुडाला आणि मधली निदान तीन शतके जगातले बहुधा सर्वांत मोठे शहर तटाशिवाय राहिले. रोमकरांना त्याची चिंता नव्हती. राज्याची सरहद्द ऱ्हाइन आणि डॅन्यूब या नद्यांवर होती, पलटणी तिथे होत्या आणि शत्रूला तिथेच अडवायचे अशी रीत होती. राजधानीला पुन्हा तट घालण्याची पाळी आली ती ही रीत मोडल्यावर.

पहिला तट परंपरेने सर्व्हियस टुलियस या सहाव्या राजाच्या नावावर आहे. हा राजा इ.स.पू. सहाव्या शतकातला. त्या काळच्या स्थानिक ठिसूळ दगडाचे काही तुकडे सापडतात आणि ते मूळच्या राजेशाही तटाचे असावेत असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. पण आज ‘सर्व्हियसचा तट’ म्हणून जे दाखवले जाते, त्याचा बहुतेक भाग नंतरचा, इ.स.पू. चौथ्या शतकातला आहे. इ.स.पू. ३९० च्या सुमारास गॉल टोळ्यांनी आलिया नदीकाठी रोमच्या सैन्याची दाणादाण उडवली आणि शहरात शिरून ते लुटले. ही मानहानी रोम पुढची कित्येक शतके विसरले नाही. इ.स.पू. ३७८ मध्ये तटाच्या बांधकामाचा ठेका दिला गेल्याची नोंद लिव्ही या इतिहासकाराने केली आहे.

या तटाचा दगड कुठून आला तेही पाहण्यासारखे आहे. गॉलांच्या हल्ल्याच्या थोडेच आधी, इ.स.पू. ३९६ मध्ये, रोमने उत्तरेकडचे वेई हे प्रतिस्पर्धी शहर जिंकले होते. त्या मुलखातल्या ग्रोत्ता ओस्कुरा येथील खाणींतून पिवळसर टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला दगड, काढून आणला गेला. प्रत्येक चिरा सुमारे दोन रोमन फूट, म्हणजे साठ सेंटिमीटरच्या आसपास, उंचीचा घडवला. चिऱ्यांवर खाणकामगारांनी कोरलेल्या खुणा अजून वाचता येतात आणि त्यांतल्या काही ग्रीक अक्षरांसारख्या आहेत. तटाची लांबी सुमारे ११ किलोमीटर होती आणि त्याने रोमच्या सातही टेकड्या आत घेतल्या. पश्चिमेला आणि दक्षिणेला टेकड्यांचे उतारच अर्धे काम करत होते. पूर्वेला सपाट पठार होते. तिथे तटाच्या आतून मातीचा प्रचंड भराव घातला आणि बाहेर सुमारे तीस मीटर रुंदीचा खंदक खणला. शहराची नाजूक बाजू हीच होती. पुढच्या काळातले हल्लेखोरही बहुतेक इकडूनच आले.

इ.स.पू. २११ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल घोडेस्वार घेऊन याच बाजूच्या कोलाइन दरवाजापर्यंत आला, तट न्याहाळला आणि परत फिरला. वेढा घालण्याची साधने त्याच्याजवळ नव्हती. इ.स.पू. ८२ मध्ये याच दरवाजासमोर सुलाने यादवी युद्धातली निर्णायक लढाई जिंकली. त्यानंतर तटाची गरजच संपत गेली. सम्राट ऑगस्टसच्या काळात रोमला आलेल्या डायोनिसियस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की घरे तटाला इतकी लगटून बांधली गेली आहेत की तटाची रेषा शोधणे अवघड झाले आहे. पूर्वेकडच्या मातीच्या भरावावर मायसेनस या धनिकाने बाग केली आणि लोक तिथे उन्हात फिरायला जाऊ लागले. या तटाचा सर्वांत मोठा तुकडा आज तेर्मिनी रेल्वे स्थानकाच्या बाहेर, बसथांब्याशेजारी, उघड्यावर उभा आहे.

इ.स. तिसऱ्या शतकाच्या मध्यात सरहद्द फुटू लागली. एकामागून एक सम्राट स्वतःच्याच सैनिकांच्या हातून मारले जात होते, पलटणी आपापल्या सेनापतीला गादीवर बसवण्यासाठी आपसांत लढत होत्या आणि त्या गडबडीत जर्मन टोळ्या आल्प्स ओलांडून थेट इटलीत उतरत होत्या. इ.स. २५९-६० च्या सुमारास अशी एक टोळी रोमच्या दिशेने आली तेव्हा सिनेटला नागरिकांच्याच हाती शस्त्रे द्यावी लागली. इ.स. २७० मध्ये ऑरेलियन गादीवर आला. पुढल्याच वर्षी प्लासेंशिया येथे टोळ्यांनी त्याच्या सैन्याला मार दिला. नंतर त्याने त्यांना गाठून हरवले, पण रोममध्ये घबराट पसरली होती. त्याच सुमारास टाकसाळीच्या कामगारांनी शहरात बंड केले. नाण्यांतली चांदी चोरल्याचा आरोप त्यांच्यावर होता. बंड मोडताना सात हजार सैनिक कामी आले असे जुने ग्रंथकार सांगतात. आकडा फुगवलेला असेल, पण रोमच्या रस्त्यांवर तुंबळ लढाई झाली यात शंका नाही.

तटाचे काम सुरू झाले ते या वातावरणात. ऑरेलियनला सैन्य घेऊन पूर्वेकडे पालमायराची राणी झेनोबिया हिच्यावर चालून जायचे होते. त्यामुळे बांधकामाला सैनिक मिळणार नव्हते. काम शहरातल्या कारागिरांच्या श्रेणींवर सोपवले गेले. ऑरेलियनचा इ.स. २७५ मध्ये खून झाला, तोवर बहुतेक तट उभा राहिला होता. राहिलेले काम प्रोबस या सम्राटाच्या कारकिर्दीत पुरे झाले. जवळजवळ १९ किलोमीटर लांबीचा आणि सुमारे १,३७० हेक्टर जमीन आत घेणारा तट दहा वर्षांच्या आत बांधून झाला, हा वेग त्या काळच्या मानाने थक्क करणारा आहे.

वेग साधला कसा, ते बांधकामातच दिसते. तटाचा गाभा दगडांचे तुकडे आणि चुना यांच्या मिश्रणाचा आहे. रोमच्या परिसरात मिळणारी ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की तो दगडासारखा घट्ट होतो. गाभ्याला दोन्ही अंगांनी विटांचा थर दिला आहे. या विटा बहुतेक जुन्या, पाडलेल्या इमारतींतून काढलेल्या. जाडी साडेतीन मीटर, उंची चर्यांसकट आठ मीटरच्या आसपास आणि दर शंभर रोमन फुटांवर, म्हणजे २९.६ मीटरवर, तटाच्या बाहेर आलेला एक चौकोनी बुरूज. बुरुजाच्या वरच्या खोलीत मोठे बाण फेकणारी दोन यंत्रे राहतील एवढी जागा होती. नदीकाठ सोडला तर ही मोजणी सहसा चुकलेली नाही. एवढ्या उंचीचा तट कसलेल्या सैन्याचा दीर्घ वेढा सोसण्यासाठी आखलेला नव्हता. समोर होत्या त्या धाडी घालणाऱ्या टोळ्या. त्यांच्याजवळ वेढ्याची यंत्रे नव्हती आणि एका जागी फार दिवस बसून खायला धान्यही नव्हते. त्यांना वेशीबाहेर चार दिवस रोखले तरी पुरे होते.

तट कुठून न्यायचा हे बऱ्याच अंशी शहराच्या जकात हद्दीने ठरवले असावे. मोठ्या रस्त्यांवर जिथे जकात नाके होते, तिथेच दरवाजे आले. दुसरा विचार काटकसरीचा होता. वाटेत जी भक्कम इमारत भेटली, ती पाडण्याऐवजी तटातच घेतली गेली. टायबेरियसच्या काळात बांधलेली सम्राटाच्या अंगरक्षक दलाची छावणी तीन बाजूंनी तटाचा भाग झाली. क्लॉडियस आणि इतर सम्राटांच्या पाणीनळांच्या कमानी बुजवून तट केला. कास्त्रेन्से या लहान रंगमंडलाच्या बाहेरच्या कमानी भिंती घालून बंद केल्या. पिंचिओ टेकडीच्या बागांना आधार देणाऱ्या भिंतीही तशाच वापरल्या. दक्षिणेला सेस्टियस नावाच्या श्रीमंत माणसाचे थडगे म्हणून इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस बांधलेला, ३६ मीटरांहून उंच, संगमरवरी पिरॅमिड होता. तट एका बाजूने त्याला येऊन भिडला आणि दुसऱ्या बाजूने पुढे निघाला. एके ठिकाणी तर अनेक मजली चाळीची दर्शनी भिंत खिडक्यांसकट तटात गेली आहे. खिडक्या बुजवलेल्या असल्या तरी त्यांच्या चौकटी बाहेरून ओळखू येतात.

रोमच्या जुन्या कायद्यानुसार प्रेताचे दफन किंवा दहन शहराच्या हद्दीत करता येत नसे. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याला थडग्यांची रांग होती आणि नवा तट या रांगांमधून गेला. पूर्वेकडच्या माज्जोरे दरवाजापाशी युरिसासेस नावाच्या भटारखानेवाल्याचे इ.स.पू. ३० च्या सुमाराचे थडगे आहे. त्याच्या अंगावर मोठाली गोल तोंडे कोरली आहेत. ती कणीक मळण्याच्या यंत्राची किंवा धान्य मोजण्याच्या मापांची असावीत. वरच्या पट्टीवर दळण, मळणे, भाजणे, पाव तोलणे अशी सगळी कामे क्रमाने दाखवली आहेत. हे थडगे पुढच्या एका डागडुजीत बुरुजाच्या पोटात गेले आणि १८३८ मध्ये पोप सोळावा ग्रेगरी याने तो बुरूज पाडला तेव्हा उजेडात आले. सालारिया दरवाजाच्या बुरुजातून १८७१ मध्ये याहून हळवे करणारी वस्तू निघाली. ती होती क्विंटस सल्पिसियस मॅक्सिमस या अकरा वर्षांच्या मुलाची समाधी. इ.स. ९४ च्या काव्यस्पर्धेत त्याने मोठ्या कवींच्या बरोबरीने ग्रीक कविता म्हटली होती. थोड्याच काळात तो वारला. आईबापांनी त्याची कविता समाधीच्या दगडावर कोरून घेतली. तटाच्या बांधकामाने ती दीड हजार वर्षे जपली.

चौथ्या शतकाच्या आरंभी मॅक्सेन्टियस या सम्राटाने तटाबाहेर खंदक खणायला सुरुवात केली, पण तो पुरा झाला नाही. इ.स. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाइन त्याच्यावर चालून आला तेव्हा मॅक्सेन्टियस तटाच्या आड न थांबता नदीपलीकडे लढायला गेला आणि मिल्व्हियन पुलापाशी बुडून मेला. विजयी कॉन्स्टंटाइनने अंगरक्षक दल बरखास्त केले आणि त्यांच्या छावणीची शहराकडची भिंत पाडली. बाहेरच्या तीन भिंती मात्र तट म्हणून राहिल्या.

खरी मोठी वाढ इ.स. ४०१ ते ४०३ या काळात झाली. व्हिसिगॉथांचा राजा अ‍ॅलरिक इटलीत उतरला होता. सम्राट ऑनोरियस लहान होता आणि कारभार स्टिलिको हा सेनापती पाहत होता. बऱ्याच भागांत तटाची उंची जवळजवळ दुप्पट झाली. ऑरेलियनच्या तटावर जी उघडी फांजी होती, तिच्यावर कमानी चढवून आच्छादित वाट केली गेली. तिच्यात बाहेरच्या बाजूला जंग्या ठेवल्या आणि त्या वाटेच्या छतावर नवी फांजी व नव्या चर्या आल्या. दरवाजांचे काम त्याहून नेटके झाले. दोन कमानींचे मोठे दरवाजे एका कमानीवर आणले, बुरूज उंच केले आणि वरून खाली सोडायच्या जाड फळ्यांच्या दारासाठी दगडात खोबणी पाडल्या. आप्पिया दरवाजात या सगळ्या बदलांचे थर एकावर एक दिसतात. त्याच्या कमानीच्या आतल्या बाजूच्या मधल्या दगडावर एक क्रूस कोरलेला आहे. त्याभोवतीच्या ग्रीक ओळींत देवाचे आणि संत कोनोन व संत जॉर्ज यांचे आभार मानले आहेत. तट राखणाऱ्यांचा विश्वास आता नुसत्या चुन्या-विटांवर राहिला नव्हता.

त्या वेळी तीन दरवाजांवर लावलेल्या शिलालेखांत तटाजवळ साठलेले ढिगाऱ्यांचे डोंगर हलवल्याचा मुद्दाम उल्लेख आहे. सव्वाशे वर्षांत लोकांनी तटाच्या पायथ्याशी केवढा केरकचरा टाकला असेल, याचा त्यावरून अंदाज येतो. स्टिलिकोचे नाव या लेखांत होते. इ.स. ४०८ मध्ये दरबारातल्या कटाने त्याचा शिरच्छेद केला आणि नंतर ते नाव दगडावरून खोडून काढले. ज्याने तट वाढवला, त्यालाच सम्राटाने तट संकटात असताना मारले.

तटाची एक जुनी मोजदाद स्वित्झर्लंडमधल्या आइन्सीडेल्न मठातल्या हस्तलिखितात टिकली आहे. तिच्यात एका दरवाजापासून दुसऱ्या दरवाजापर्यंत काय काय आहे ते ओळीने दिले आहे. बेरीज केली तर ३८३ बुरूज, ७,०२० चर्या, ५ लहान दिंड्या, बाहेर उघडणाऱ्या २,०६६ मोठ्या खिडक्या आणि ११६ शौचकूप भरतात. पहारेकऱ्यांना रात्रंदिवस वर राहावे लागे, म्हणून भिंतीबाहेर काढलेले हे शौचकूप होते. त्यांचीही गणती करणाऱ्या माणसाने तट फिरून पाहिलेला असणार.

इ.स. ४०८ मध्ये अ‍ॅलरिक रोमपुढे येऊन थांबला. तटावर चढण्याचा त्याने प्रयत्नही केला नाही. त्याने टायबर नदीतून येणारे धान्य बंद केले आणि शहर उपाशी पडले. वेढा उठवण्यासाठी रोमने दिलेल्या खंडणीची यादी झोसिमस या इतिहासकाराने दिली आहे. तिच्यात ५,००० पौंड सोने, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी अंगरखे, ३,००० लाल रंगवलेली कातडी आणि ३,००० पौंड मिरी होती. मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून तांबड्या समुद्रामार्गे जाई आणि रोममध्ये तिच्यासाठी खास कोठारे होती. त्यामुळे शहराची किंमत मोजताना सोन्यारुप्याच्या बरोबरीने मिरी मोजली गेली. पुढच्या दोन वर्षांत वाटाघाटी फिसकटल्या. इ.स. ४१० च्या २४ ऑगस्टच्या रात्री सालारिया दरवाजा आतून उघडला गेला. अ‍ॅलरिकने आधीच आत पाठवलेल्या गुलामांनी तो उघडला, अशी एक कथा आहे. प्रोबा नावाच्या श्रीमंत स्त्रीने उपासमार न बघवून तो उघडवला, अशी दुसरी आहे. कथा कोणतीही खरी असो, तटाला भगदाड पडले नव्हते. आठशे वर्षांत परक्या शत्रूने रोम पहिल्यांदाच घेतले, ते दाराने घेतले.

पुढच्या दीडशे वर्षांत हेच पुनःपुन्हा घडत राहिले. इ.स. ४५५ मध्ये व्हॅंडल राजा गाइसेरिक आला तेव्हा सम्राट पळून जाताना मारला गेला होता आणि शहर लढलेच नाही. चौदा दिवस लूट चालली. नंतर ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक याने तटाची डागडुजी केली. त्याच्या नावाचे शिक्के मारलेल्या विटा आजही सापडतात.

तटाची खरी कसोटी लागली ती इ.स. ५३७-३८ मध्ये. पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनचा सेनापती बेलिसारियस याने डिसेंबर ५३६ मध्ये रोम ताब्यात घेतले होते. त्याच्याजवळ सुमारे पाच हजार शिपाई होते आणि राखायचा होता १९ किलोमीटरचा तट. गॉथांचा राजा विटिगेस मोठे सैन्य घेऊन आला आणि त्याने एक वर्ष नऊ दिवस वेढा चालवला. बेलिसारियसचा सचिव प्रोकोपियस आत होता. त्याच्या वृत्तांतामुळे या वेढ्याइतकी बारीक माहिती रोमच्या दुसऱ्या कुठल्याच वेढ्याची मिळत नाही.

गॉथांनी पहिल्याने शहराचे पाणीनळ फोडले. प्रोकोपियस त्यांची संख्या चौदा देतो. रोमची मोठी स्नानगृहे तेव्हा जी बंद पडली ती कायमची. जानिकुलम टेकडीवरच्या पिठाच्या गिरण्याही नळाच्या पाण्यावर चालत. त्या थांबल्यावर बेलिसारियसने टायबरमध्ये नावा बांधून त्यांच्यामध्ये पाणचक्क्या बसवल्या आणि नदीच्या प्रवाहावर दळण सुरू केले. नळांची कोरडी पोकळी त्याने बांधकाम करून बुजवली. काही महिन्यांपूर्वी नेपल्समध्ये त्याचेच शिपाई अशाच नळातून शिरले होते, त्यामुळे ही वाट त्याला चांगली ठाऊक होती.

अठराव्या दिवशी गॉथांनी बैल जुंपलेले लाकडी मनोरे तटाकडे चालवले. तटावरच्या लोकांची धांदल उडाली. बेलिसारियस मात्र थांबून राहिला. मनोरे टप्प्यात येताच त्याने फक्त बैलांवर बाण सोडायला सांगितले. बैल पडले आणि मनोरे मैदानात जागच्या जागी अडून राहिले. नदीपलीकडे हेड्रियनच्या समाधीपाशी गॉथ इतके जवळ आले की यंत्रांना त्यांच्यावर नेम धरता येईना. तेव्हा राखणदारांनी समाधीवरचे संगमरवरी पुतळे फोडून त्यांचे तुकडे खाली फेकले. पिंचिओच्या बाजूला तटाचा एक भाग पूर्वीपासून कललेला होता. बेलिसारियस तो दुरुस्त करायला निघाला तेव्हा रोमकरांनी त्याला थांबवले. ही जागा संत पीटर राखतो असे ते म्हणाले आणि गॉथांनी तिथे कधी हल्ला केला नाही. हा कललेला भाग आजही तसाच आहे.

बाहेरच्या हल्ल्यापेक्षा आतल्या फितुरीचे भय बेलिसारियसला जास्त होते. त्याने महिन्यातून दोनदा सगळ्या दरवाजांची कुलपे-किल्ल्या बदलल्या आणि पहाऱ्याच्या माणसांच्या जागाही तशाच फिरवल्या. रात्री तटावर वाद्ये वाजत ठेवली आणि तटाबाहेर कुत्री घेऊन शिपाई बसवले. शहरातल्या बेकार झालेल्या कारागिरांना रोजमुऱ्यावर पहाऱ्याला घेतले, म्हणजे तट भरला आणि त्यांची चूलही पेटली. आसिनारिया दरवाजा उघडण्याचा बेत केल्याच्या संशयावरून त्याने पोप सिल्व्हेरियस याला पदावरून काढले. हा संशय खरा होता असे मानायला फारसा आधार नाही, पण सेनापतीचे डोळे कुठे लागले होते ते त्यावरून कळते. मार्च ५३८ मध्ये गॉथांनी वेढा उठवला.

आठ वर्षांनी राजा टोटिला याने पुन्हा वेढा घातला. या वेळी शहराचा अधिकारी बेसास होता. तो उपाशी लोकांना धान्य चढ्या भावाने विकत होता आणि पहाऱ्याकडे त्याचे लक्ष नव्हते. १७ डिसेंबर ५४६ ला आसिनारिया दरवाजावरच्या चार इसॉरियन शिपायांनी दार उघडले. टोटिलाने तटाचा सुमारे एक तृतीयांश भाग पाडला, दरवाजे उचलून नेले आणि उरलेली माणसे शहराबाहेर काढली. एके काळी दहा लाखांच्या आसपास वस्ती असलेले शहर काही आठवडे ओस पडले. पुढच्या वसंतात बेलिसारियस आत शिरला आणि त्याने पंचवीस दिवसांत पाडलेला तट पुन्हा रचला. हे काम चुन्याशिवाय, हाताला येईल त्या दगडाचे होते. दारे बसवायला वेळ नव्हता. मोकळ्या कमानींत त्याने निवडक माणसे उभी केली आणि पुढे लोखंडी गोखरू पसरले. टोटिलाला तो तुटका तट घेता आला नाही. इ.स. ५५० मध्ये त्याला शहर पुन्हा मिळाले, तेही संत पॉलच्या दरवाजावरच्या इसॉरियनांनी दार उघडले म्हणून. त्या शिपायांचा कित्येक वर्षांचा पगार थकला होता. शेवटी इ.स. ५५२ मध्ये नार्सेस या सेनापतीने रोम घेतले. गॉथांजवळ पूर्ण तट भरण्याइतकी माणसे नव्हती, म्हणून त्याच्या सरदाराने राखण नसलेल्या जागी शिड्या लावल्या. लाखांच्या शहरासाठी आखलेला तट त्याच्यात उरलेल्या मूठभरांना पेलवत नव्हता, आणि नंतरची कित्येक शतके रोमची अडचण हीच राहिली.

संत पीटरची बॅसिलिका नदीपलीकडे, तटाच्या बाहेर होती. इ.स. ८४६ मध्ये समुद्रमार्गे आलेल्या अरबांनी ती आणि दक्षिणेची संत पॉलची बॅसिलिका लुटली. पोप चौथा लिओ याने मग व्हॅटिकनभोवती सुमारे तीन किलोमीटरचा वेगळा तट ८४८ ते ८५२ या काळात बांधून घेतला. चर्चच्या जमिनींवरच्या वसाहती आणि मठ यांनी तुकडे वाटून घेऊन तो उभा केला. ८४९ च्या ऑस्तियाच्या लढाईत पकडलेले कैदीही कामाला लावले होते. जुन्या तटाची देखभाल पुढे शहराच्या सिनेटकडे आली. मेत्रोनिया दरवाजापाशी ११५७ च्या दुरुस्तीचा लेख सिनेटरांच्या नावांसकट लावलेला आहे. तटाच्या आतली बरीचशी जमीन तेव्हा द्राक्षमळे आणि कुरणे झाली होती. लोकवस्ती नदीच्या वळणापाशी दाटली होती.

तोफा आल्यावर उंच पातळ तट कुचकामी ठरू लागला. ६ मे १५२७ च्या सकाळी दाट धुक्यात सम्राट पाचव्या चार्ल्सचे पगार न मिळालेले सैन्य व्हॅटिकनच्या बाजूने तटावर शिड्या लावून चढले आणि रोमची भयंकर लूट झाली. त्यानंतर पोप तिसरा पॉल याने आन्तोनियो दा सांगाल्लो याच्याकडून सगळा तट तोफांच्या काळाला साजेसा करायचा बेत केला. आर्देआतिना दरवाजापाशी जुन्या तटाचा मोठा तुकडा पाडून एक प्रचंड बुरूज उभा राहिला. त्याचा खर्च पाहून बाकीचा बेत सोडून दिला गेला. १६४० च्या दशकात पोप आठव्या अर्बनने जानिकुलम टेकडीवर नवा तट घातला आणि त्या बाजूचा ऑरेलियनचा तट निरुपयोगी होऊन हळूहळू नाहीसा झाला. उरलेल्या दरवाजांवर पुढे मुख्यतः जकात घेतली जाई. मायकेलॅंजेलोने १५६० च्या दशकात आखलेल्या पिया दरवाजाची शोभिवंत बाजू शहराकडे तोंड करून आहे, बाहेरून येणाऱ्याकडे नाही.

याच दरवाजाशेजारी तटाचे लढाईतले काम संपले. २० सप्टेंबर १८७० च्या पहाटे जनरल राफाएले कादोर्ना याच्या इटालियन सैन्याने तोफा सुरू केल्या. पाच तासांच्या आत दरवाजाच्या पश्चिमेला सुमारे तीस मीटरची खिंड पडली. पोप नववा पायस याने आधीच सांगून ठेवले होते की विरोध फक्त बळजबरी झाल्याचे दिसण्यापुरता करावा, त्यामुळे लढाई लवकर थांबली. तरी इटलीचे ४९ आणि पोपचे १९ सैनिक मेले. पोपचे राज्य संपले आणि रोम इटलीची राजधानी झाले. ऑरेलियनच्या विटांना भगदाड पाडून कोणी शहर जिंकल्याचे उदाहरण म्हणून हा एकच दिवस सांगता येतो.

नव्या राजधानीने तटाला रस्त्यांसाठी आणि रेल्वेसाठी जागोजागी खिंडी पाडल्या. गोळ्यांनी खिळखिळा झालेला सालारिया दरवाजा उतरवला. तरी मूळ लांबीचा सुमारे दोन तृतीयांश भाग टिकून आहे, आणि मोठ्या जुन्या शहरांच्या मानाने हे प्रमाण फार आहे. १० सप्टेंबर १९४३ ला जर्मन सैन्य शहरात शिरू लागले तेव्हा सैनिक आणि साधे नागरिक सेस्टियसच्या पिरॅमिडजवळ, संत पॉलच्या दरवाजापाशी त्यांना अडवायला उभे राहिले. तिथल्या तटावर त्यांच्या स्मरणाचे फलक आहेत. रोमच्या ऐतिहासिक भागाला १९८० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि १९९० मध्ये त्याची हद्द आठव्या अर्बनच्या तटापर्यंत वाढवली गेली.

आप्पिया दरवाजात, म्हणजे आजच्या सान सेबास्तियानो दरवाजात, तटाचे संग्रहालय आहे आणि तिथून जुन्या आच्छादित वाटेने बुरुजांमधून काही अंतर चालत जाता येते. विटांच्या सांध्यांत झाडांची मुळे शिरतात, गाभ्यात पावसाचे पाणी मुरते आणि शेजारच्या रस्त्यांवरची वाहने दिवसभर हादरे देतात. २००१ मध्ये आर्देआतिना दरवाजाजवळ तटाचा एक तुकडा कोसळला. तो पुन्हा बांधून काढण्यात आला. तटाची देखरेख आता रोमच्या महापालिकेकडे आहे.